पाटी आधी कुणाची लागली

ट्रेडमार्कच्या अर्जात एक रकाना असतो: हे नाव कधीपासून वापरात आहे? ज्यांचा धंदा अजून सुरू व्हायचाय ते 'वापरण्याचा विचार आहे' असं लिहितात. बाकीच्यांना तारीख घालावी लागते. फोर्टातल्या एका ट्रेडमार्क एजंटाच्या कचेरीत मी कारकून म्हणून लागलो तेव्हा आमचे साहेब सांगायचे, लेबलाचं, वर्गाचं, फीचं मी बघतो, तू या तारखेचं बघ. पक्षकाराकडून कागद घे, कागद नसला तर तारीख घालू नकोस. पुढे पुण्याला येऊन मी स्वतःचं काम सुरू केलं. माझ्याकडे येणारी माणसं मसालेवाली, उदबत्तीवाली, दंतमंजनवाली, फरसाणवाली. मोठ्या कंपन्यांची कामं मोठ्या फर्मांकडे जातात. मोठ्या कंपन्यांशी माझी गाठ पडायची ती माझ्या पक्षकाराला आलेल्या नोटिशीतून.

त्यामुळे पुण्याच्या 'बर्गर किंग'चा खटला मी परक्याची बातमी म्हणून कधी वाचला नाही. कॅम्पातलं हे खाण्याचं ठिकाण एका इराणी दांपत्यानं १९९१-९२ च्या सुमारास सुरू केलं, पुढे कोरेगाव पार्कातही त्याची पाटी लागली. अमेरिकेतली बर्गर किंग कंपनी त्याहून कितीतरी जुनी, १९५४ साली फ्लोरिडातल्या मायामीत उभी राहिलेली. पण भारतात तिचं पहिलं रेस्टॉरंट उघडलं ते नोव्हेंबर २०१४ मध्ये, दिल्लीला. आणि पुण्याच्या जिल्हा न्यायालयात तिनं दावा लावला तो २०११ साली. म्हणजे देशात एकही दुकान नसताना, वीसेक वर्षं चाललेल्या दुकानानं नाव सोडावं, अशी मागणी झाली. वर वीस लाखांची नुकसानभरपाई. दुकानाची १९९१-९२ आणि कंपनीची २०१४, या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की माझ्यासारख्या माणसाला पहिला प्रश्न तोच पडतो, त्या रकान्यातला.

या प्रश्नाला आपल्याकडे फार जुना इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा मुंबईत घडला आहे.

एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचं कापड मुंबईच्या गोदीत उतरायचं तेव्हा प्रत्येक ताग्यावर एक रंगीत तिकीट चिकटवलेलं असे. त्यावर हत्ती, वाघ, आगगाडी, देवदेवता, राजेरजवाडे. गिऱ्हाइकाला अक्षरओळख असेलच असं नव्हतं. तो दुकानात जाऊन चित्र सांगायचा आणि तेच कापड हातात पडायचं. मुंबईत गिरण्या निघाल्यावर त्यांनीही हीच रीत उचलली. दगडी छपाईचे कारखाने या तिकिटांवर आणि लेबलांवर चालत. मळवलीला हललेल्या रविवर्मा प्रेसमधून देवांच्या तसबिरींबरोबर मालावरची लेबलंही निघत. काडेपेटी, विडी, तपकीर, साबण, सगळ्यांना छाप होती आणि छाप म्हणजेच माल होता. आमच्या लहानपणीसुद्धा दुकानात कंपनीचं नाव कुणी घेत नसे. घोडा छाप द्या, कोंबडा छाप द्या, असंच मागत.

छाप चोरीला जाते हेही तितकंच जुनं. १८६० च्या भारतीय दंडविधानात खोट्या व्यापारचिन्हाबद्दल शिक्षा होती, म्हणजे चोरी हा गुन्हा ठरला होता. पण चिन्ह आपलं आहे हे नोंदवायला जागाच नव्हती. १८८९ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा आला, तोही खोट्या मार्क्याला शिक्षा करणारा. मग व्यापारी काय करत? दस्तनोंदणीच्या कचेरीत जाऊन 'हे लेबल माझं आहे' असं घोषणापत्र नोंदवत आणि वर्तमानपत्रात जाहीर इशारा छापून आणत: अमुक छाप आमची, कोणी नक्कल केल्यास कायदेशीर इलाज करू. आमच्या साहेबांच्या कपाटात अशा जाहिरातींची कात्रणं पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवलेली होती, कडा पिवळ्या पडलेल्या, लेबल काळ्या शाईत छापलेलं आणि शेजारी हातानं लिहिलेलं: मूळ रंग लाल, पट्टी हिरवी. मी नवा होतो तेव्हा हे कशाला सांभाळलंय असं वाटायचं. नंतर कळलं की न्यायालयात उभं राहिल्यावर हेच कागद बोलतात.

नोंदणीचा पहिला कायदा १९४० चा, प्रत्यक्ष नोंदणी सुरू झाली १९४२ साली. रजिस्ट्रीचं मुख्य ठाणं मुंबईत आलं. त्या कायद्यात आणि त्याच्यामागून आलेल्या १९५८ च्या कायद्यात एका तारखेला मोठा मान होता: २५ फेब्रुवारी १९३७. त्या दिवसाच्या आधीपासून जो मार्का अखंड वापरात होता त्याला जुना मार्का म्हणून सवलत मिळे. इतरांना जी नावं वर्णनात्मक म्हणून नाकारली जात, ती जुन्या मार्क्याला मिळू शकत. सरकारनं याचा अर्थ ओळखला होता. नोंदवही नवी आहे, पण बाजार जुना आहे. ज्यानं बाजारात नाव उभं केलं त्याला नोंदवहीनं उपरं ठरवता कामा नये. मला हा विचार न्यायाचा वाटतो, आणि या क्षेत्रातलं जे काही चांगलं आहे ते यातूनच आलेलं आहे असं मी मानतो.

१९५९ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच दुसऱ्या बाजूनं सांगितलं. खटला मुंबईतूनच गेलेला. कॉर्न प्रॉडक्ट्स या अमेरिकन कंपनीचं 'ग्लुकोव्हिटा' नावाचं ग्लुकोज होतं, आणि शांग्रिला नावाच्या छोट्या कंपनीला बिस्किटांसाठी 'ग्लुव्हिटा' हे नाव नोंदवायचं होतं. शांग्रिलाचं म्हणणं, 'ग्लुको' हा तुकडा असलेले कितीतरी मार्के नोंदवहीत आहेत, मग आम्हालाच अडवता का? न्यायालय म्हणालं, नोंदवहीत नाव आहे म्हणजे ते बाजारात वापरात आहे असं होत नाही, वापर वेगळा सिद्ध करावा लागतो. निकाल मोठ्या कंपनीच्या बाजूनं गेला, आणि मला तो बरोबरच वाटतो. लहान आहे म्हणून प्रत्येक लहान माणूस खरा नसतो. लोकप्रिय नावाच्या एका अक्षरात फरक करून उदबत्ती काढणारे माझ्याकडेही आले आहेत. ते काम मी घेतलं नाही.

तीनच वर्षांनी, १९६२ मध्ये, अमृतधारेचा निकाल आला. 'अमृतधारा' हे पंजाबातलं जुनं औषध, घरोघरी ठाऊक असलेलं. उत्तर प्रदेशात १९२३ पासून कुणी 'लक्ष्मणधारा' विकत होता. न्यायालय म्हणालं की अर्धवट आठवण ठेवणारा, साधा, खेड्यातला गिऱ्हाईक या दोन नावांत घोटाळा करील. ताग्यावरचं तिकीट बघून कापड घेणाराच हा माणूस, कायद्याच्या पुस्तकात शिरलेला. पण लक्ष्मणधारा इतकी वर्षं उघडपणे विकली गेली, अमृतधारावाल्यांनी ती चालू दिली, हेही न्यायालयानं पाहिलं. लक्ष्मणधारेला नोंदणी मिळाली, फक्त उत्तर प्रदेशापुरती. दोघांनाही आपापल्या आवाक्यात जगू द्यायचं, हा मार्ग निघाला.

असाच मार्ग अमेरिकेत निघाला, आणि गंमत नव्हे पण योगायोग म्हणावा असा की तोही 'बर्गर किंग' याच नावावरून. इलिनॉय राज्यात मटून नावाचं लहान गाव आहे. तिथे हूट्स दांपत्याचं 'फ्रिजिड क्वीन' नावाचं आइस्क्रीमचं दुकान होतं. बर्गर विकायला सुरुवात केली तेव्हा राणीला राजा हवा म्हणून त्यांनी 'बर्गर किंग' हे नाव घेतलं आणि १९५९ साली आपल्या राज्यात त्याची नोंदणी केली. फ्लोरिडाच्या कंपनीची त्यांना खबर नव्हती. कंपनीचं इलिनॉयमधलं पहिलं दुकान १९६१ मध्ये स्कोकीला उघडलं, त्याच वर्षी तिला संपूर्ण देशाची नोंदणी मिळाली. भांडण न्यायालयात गेलं आणि १९६८ साली वरच्या न्यायालयानं सांगितलं, देश कंपनीचा, पण मटूनभोवतीचं वीस मैलांचं वर्तुळ हूट्स यांचं. त्या वर्तुळात कंपनीनं हे नाव लावायचं नाही. कारण सरळ होतं: कंपनीच्या नोंदणीच्या आधी तिथे ते नाव त्यांनी प्रामाणिकपणे वापरून कमावलं होतं.

ऑस्ट्रेलियात कंपनीला याच कारणासाठी स्वतःचंच नाव बाजूला ठेवावं लागलं. ॲडलेडमधल्या एका खाद्यपदार्थांच्या दुकानाकडे ते नाव आधीच होतं. म्हणून १९७१ पासून तिथे तेच बर्गर 'हंग्री जॅक्स' या नावानं विकले जातात. धंदा काही बुडाला नाही. मोठ्या कंपनीला नाव बदलणं अशक्य असतं, असं वकील युक्तिवादात म्हणतात तेव्हा मला ऑस्ट्रेलिया आठवतो.

आता पुण्याकडे यायचं तर एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी, जी या खटल्याच्या बातम्यांत फारशी आली नाही. १९९२ साली कॅम्पात पाटी लावणाऱ्या माणसाला रेस्टॉरंटच्या सेवेसाठी नाव नोंदवायचंच असतं तर तो कुठे गेला असता? कुठेच नाही. १९५८ चा कायदा फक्त मालासाठी होता. पीठ, साबण, कापड, यंत्र नोंदवता येई. खानावळ, लॉन्ड्री, दवाखाना, क्लास, म्हणजे सेवा, नोंदवायची सोयच नव्हती. ती सोय १९९९ च्या कायद्यानं केली आणि तो कायदा अमलात आला १५ सप्टेंबर २००३ ला. तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्यानंतर कितीतरी हॉटेलवाले आणि क्लासवाले आमच्याकडे रांगेनं आले. सगळ्यांच्या रकान्यात जुन्या तारखा होत्या, १९६०, १९७४, १९८१. त्या दुकानांनी आळस केला असं कुणी म्हणू नये. दार उघडलंच उशिरा.

अमेरिकन कंपनीनं भारतातल्या आपल्या १९७९ पासूनच्या नोंदण्या न्यायालयात दाखवल्या. पण रेस्टॉरंटच्या सेवेसाठी तिला नोंदणी मिळाली ती ऑक्टोबर २००६ ची. १६ जुलै २०२४ ला जिल्हा न्यायाधीश सुनील वेदपाठक यांनी दावा फेटाळला तेव्हा हा मुद्दा त्यांनी मांडला: ही सेवा देण्यासाठी पुण्याचं दुकान हे नाव १९९१-९२ पासून वापरत आहे, आणि कंपनीची सेवा नंतर आली. पुण्यातल्या दुकानामुळे गिऱ्हाइकांचा घोटाळा झाला हेही कंपनीला सिद्ध करता आलं नाही. तिची भरपाईची मागणी नामंजूर झाली. उलट दुकानदारांनीही त्रास दिल्याबद्दल वीस लाख मागितले होते, तेही नामंजूर, कारण तोंडी सांगण्यापलीकडे त्यांच्याकडे पुरावा नव्हता. निकालाचा हा शेवटचा भाग वाचून मी बराच वेळ थांबलो. इतक्या वर्षांचा मनस्ताप, आणि त्याचा एक कागद नाही.

या मधल्या काळात काय झालं तेही सांगायला हवं. जानेवारी २०१२ मध्ये अंतरिम मनाई झाली होती. दुकान बंद पडलं नाही, पण नावातला 'किंग' गेला आणि पाटीवर नुसतं 'बर्गर' उरलं. दावा निकाली लागेपर्यंत बारा वर्षं. कायद्याच्या भाषेत याला तात्पुरती व्यवस्था म्हणतात. धंद्यात बारा वर्षं म्हणजे गिऱ्हाइकांची एक पिढी. कॉलेजात असताना जो तिथे खायचा तो नोकरी लागून, लग्न होऊन, पोराला घेऊन येईपर्यंतचा काळ. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात ही वर्षं वकिलांच्या फीच्या एका ओळीत बसतात. दुकानदाराला ती गल्ल्यावर बसून काढावी लागतात.

माझ्या बहुतेक पक्षकारांची लढाई न्यायालयापर्यंत जातच नाही, ती रजिस्ट्रीतच संपते. रजिस्ट्री पूर्वी चर्चगेटजवळ महर्षी कर्वे रस्त्यावर होती, आता अँटॉप हिलला आहे. अर्ज तपासला गेला की तो जर्नलमध्ये छापून येतो. छापून आल्यापासून चार महिन्यांच्या आत कुणीही हरकत घेऊ शकतो, आमच्या बोलण्यात ऑपोझिशन. मोठ्या कंपन्यांची माणसं प्रत्येक जर्नल बारकाईनं बघतात आणि जरा सारखं वाटलं की ऑपोझिशन टाकतात. तिथून पुढे अर्जदाराच्या हातात दोन महिने. त्या दोन महिन्यांत प्रतिउत्तर दाखल झालं नाही तर अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. कुणी ऐकून घेत नाही, कुणी तपासत नाही, नाव जातं. इंग्रजीत आलेलं जाड पाकीट बघून घाबरलेला, दिवाळीच्या हंगामात गुंतलेला, 'बघू नंतर' म्हणणारा दुकानदार इथे हरतो. तो खोटा आहे म्हणून हरत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका काकूंचं पाकीट असंच देव्हाऱ्यामागे पडून होतं. त्यांचा कांदा-लसूण मसाला आठवडी बाजारातून सुरू झालेला, मग जिल्हाभर पसरलेला. एका मोठ्या कंपनीनं ऑपोझिशन टाकलं होतं. मुलगा पाकीट घेऊन आला तेव्हा मुदतीचे थोडेच दिवस उरले होते. प्रतिउत्तर घातलं, आणि पुरावे बघायला मी त्यांच्या घरी गेलो. काकू म्हणाल्या, "भाऊ, मी त्यांचं काय चोरलं हो? त्यांचा मसाला तर आमच्या बाजारात कालपरवा आला." मी म्हटलं, "काकू, हेच मला कागदावर पाहिजे."

माळ्यावरून एक पोतं खाली आलं. त्यात बिलबुकं होती, कार्बन घालून लिहिलेली. कार्बनची प्रत जुनी झाली की निळी अक्षरं उडत जातात. तारीख वाचायला पान खिडकीकडे तिरकं धरावं लागतं, मग पेन्सिलीच्या दाबाची खूण दिसते. काही बुकांच्या कडा उंदरांनी कुरतडलेल्या, नेमका बिलाचा क्रमांक असतो तो कोपरा गेलेला. गुमास्ता लायसन्स होतं, पण त्यावर काकूंच्या यजमानांचं नाव, मसाल्याचं नाही. विक्रीकराचा दाखलाही तसाच. पोत्याच्या तळाशी गावातल्या छापखान्याचं बिल सापडलं: लेबलं दोन हजार, ब्लॉक करण्याची मजुरी वेगळी, आणि बिलाला टाचणीनं लावलेलं नमुन्याचं लेबल. टाचणी गंजून कागदाला तिचा तपकिरी डाग पडला होता. लेबलावर मसाल्याचं नाव होतं, बिलावर तारीख होती, आणि बिल तिसऱ्याच माणसाचं होतं. स्वतःच्या बिलबुकावर स्वतः कुणीही काहीही लिहू शकतो, असं समोरचा वकील म्हणू शकतो. छापखान्याच्या बिलाला तसं म्हणता येत नाही. मी ते दोन बोटांनी उचलून प्लास्टिकच्या पाकिटात घातलं.

पुराव्याचं प्रतिज्ञापत्र दाखल झाल्यावर काही काळानं कंपनीनं ऑपोझिशन मागं घेतलं. प्रत्येकाच्या पोत्यात छापखान्याचं बिल निघतं असं नाही. तेव्हापासून माझ्याकडे नवा माणूस आला की मी त्याला आधी दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो विचारतो. हार घातलेली पाटी दिसते, पाहुण्यांचे चेहरे दिसतात, मागे फोटो स्टुडिओचा शिक्का असला तर तारीखही मिळते. गावातल्या गणेशोत्सवाच्या अहवालातली जाहिरात, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवरचा 'शुभेच्छुक', दुकानानं गिऱ्हाइकांना वाटलेली दिनदर्शिका, हे सगळं उपयोगी पडतं. दिनदर्शिका तर फारच, कारण तिच्यावर वर्ष ठळक छापलेलं असतं.

पुराव्याचं हे ओझं मोठ्यांच्याही खांद्यावर येतं, आणि तेही त्याखाली वाकतात. आयर्लंडमध्ये गॉलवेकडच्या भागात १९७८ मध्ये सुरू झालेली 'सुपरमॅक्स' ही बर्गरची साखळी आहे. तिला युरोपभर जायचं होतं, मॅकडॉनल्ड्सनं विरोध केला. सुपरमॅक्सनं उलटा अर्ज टाकला: 'बिग मॅक' हे नाव तुम्ही युरोपात नोंदवल्याप्रमाणे खरोखर वापरता हे दाखवा. जगात ज्याला 'बिग मॅक' माहीत नाही असा माणूस शोधावा लागेल. तरी जानेवारी २०१९ मध्ये युरोपच्या नोंदणी कार्यालयानं ती नोंदणी रद्द केली, कारण कंपनीनं दिलेले कागद, म्हणजे तिच्याच माणसांची प्रतिज्ञापत्रं, जाहिरातपत्रकं, संकेतस्थळाची पानं, विकिपीडियाचा उतारा, वापर सिद्ध करायला अपुरे ठरले. अपिलात कंपनीनं बरंच परत मिळवलं, पण २०२४ च्या जूनमध्ये युरोपच्या न्यायालयानं कोंबडीच्या बर्गरसाठी ते नाव तिच्या हातून काढून घेतलंच. आमच्या साहेबांचं वाक्य तिकडेही लागू पडलं: कागद नसला तर तारीख घालू नकोस.

भारतातल्या न्यायालयांनी परदेशी नावाच्या कीर्तीबद्दल दोन्ही टोकं पाहिली आहेत. १९९६ च्या व्हर्लपूल निकालात सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की माल इथे फारसा विकला जात नसला तरी मासिकांतून, जाहिरातींतून नावाची कीर्ती सीमा ओलांडून येऊ शकते, आणि तिला संरक्षण आहे. पण २००४ च्या मिल्मेट निकालात, जो एका डोळ्यांच्या औषधावरून होता, त्याच न्यायालयानं बजावलं की भारतात यायचा ज्यांचा इरादाच नाही अशा बहुराष्ट्रीय कंपन्यांनी इथल्या कंपनीचा गळा आवळू नये. आणि डिसेंबर २०१७ मध्ये टोयोटाच्या 'प्रियस'चा निकाल लागला. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी दिल्लीची 'प्रियस ऑटो' हे नाव २००१ पासून वापरत होती. टोयोटाची गाडी जगभर गाजलेली होती, पण २००१ साली भारतातल्या लोकांना ती माहीत होती हे टोयोटाला दाखवता आलं नाही. न्यायालयानं विचारलं ते इतकंच: त्या तारखेला, या देशात, तुमचं नाव कोण ओळखत होतं?

पुण्याच्या खटल्यात खरा पेच याच्याही पुढचा आहे. आजच्या कायद्यातलं कलम ३४ आधीच्या वापरकर्त्याला वाचवतं. पण आधीचा म्हणजे कशाच्या आधीचा? नोंदणीदाराचा वापर आणि त्याची नोंदणी, यांतली जी तारीख अलीकडची नसून आधीची, तिच्याही अगोदर तुमचा वापर अखंड असला पाहिजे. कंपनीचा इथला वापर धरला तर २०१४, आणि दुकान बावीस वर्षांनी पुढे आहे. सेवेची नोंदणी धरली तर २००६, तरी दुकानच पुढे. १९७९ ची नोंदणी धरली तर कंपनी पुढे. जी नोंदणी भारतात दशकानुदशकं वापराशिवाय पडून राहिली तिचं वजन किती? सलग पाच वर्षं वापर नसेल तर नोंदणी काढून टाकायला अर्ज करता येतो, असं कलम ४७ आहे. जाणूनबुजून पाच वर्षं गप्प बसलेल्या मालकाचा हक्क अडवणारं कलम ३३ आहे. वकिलांना यात वर्षानुवर्षं पुरेल इतकं काम आहे.

निकालानंतर कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे पुन्हा तात्पुरती मनाई झाली, आणि २ डिसेंबरला न्या. अतुल चांदूरकर आणि न्या. राजेश पाटील यांच्या खंडपीठानं अपील निकाली निघेपर्यंत ती कायम केली. त्याबरोबर आणखी एक आदेश दिला, जो वर्तमानपत्रांनी शेवटच्या परिच्छेदात छापला: दोन्ही बाजूंनी आपल्या व्यवहाराच्या आणि कराच्या मागच्या दहा वर्षांच्या नोंदी सांभाळून ठेवाव्यात. मी ती बातमी कापून माझ्या फायलीत लावली आहे. नवा पक्षकार आला की ती दाखवतो.

दुकानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च २०२५ मध्ये तिथे उच्च न्यायालयाच्या मनाईला स्थगिती मिळाली, आणि अपिलाची सुनावणी उच्च न्यायालयानं करायला हरकत नाही असंही सांगितलं गेलं. म्हणजे पुण्यातल्या पाटीवर 'किंग' परत लावण्याची मुभा मिळाली. नाव कायमचं कुणाचं, ते अपिलात ठरायचं.

त्या अपिलात मला काय व्हावंसं वाटतं ते मी लपवत नाही. १९९२ साली नोंदणीचं दार बंद असताना ज्यानं उघड्या रस्त्यावर पाटी लावली, रोज शटर उचललं, त्याच नावानं बिलं फाडली, त्याचा वापर १९७९ च्या न वापरलेल्या कागदाखाली गाडला जाऊ नये. आणि अगदीच दोघांनाही जागा द्यायची झाली तर लक्ष्मणधारेचा निकाल आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा आहे. तिथे एक अख्खं राज्य दिलं होतं. पुण्याच्या दुकानाला शहराच्या हद्दीबाहेर जायचं आहे असं मी तरी कधी ऐकलेलं नाही.